मुलीला डीएडला घालू का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली. तिला लहान मुलांना शिकवायचंय, म्हणून डीएडच करायचं म्हणते. घरात कोणी तयार नाही. माझे धाकटे दीर २०१० साली डीएड झाले, चांगले मार्क होते, पण नोकरी लागली नाही. आता शेती करतात. मुलीचंही तसंच झालं तर? — एक आई, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत अधिव्याख्याता होते. तुमच्या दिरांसारखी शेकडो मुलं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. त्यांचं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे मुलीचा निर्णय घेणं सोपं जाईल.

डीएड कॉलेजला मान्यता देणार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, आणि शिक्षकाची जागा भरणार राज्य सरकार. पुढे किती शिक्षक लागणार आणि आपण किती तयार करतोय, हा हिशेब दोघांनी एकत्र बसून कधी मांडलाच नाही. २००० नंतर खासगी डीएड कॉलेजं भराभर निघाली. महाराष्ट्रातल्या अशा कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच शिक्षक प्रशिक्षणाचा कारभार तपासायला न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल आला २०१२ मध्ये. त्याच वर्षी २ मे रोजी राज्याने अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत, म्हणजे जादा ठरलेल्यांना दुसऱ्या शाळांत जागा मिळेपर्यंत, भरती थांबवली. त्याआधी, २०१० मध्येच, पहिली ते आठवीला शिकवण्यासाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची झाली होती. आपल्याकडे पहिली टीईटी झाली डिसेंबर २०१३ मध्ये. पुढे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल, आलं आणि भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ च्या अखेरीस झाली. त्यानंतरची चाचणी थेट २०२३ मध्ये. म्हणजे तुमचे दीर हातात प्रमाणपत्र घेऊन उभे होते तेव्हा दारच बंद होतं, आणि दार उघडलं तोवर अटी बदलल्या होत्या. यात त्यांची काही चूक नाही. हे घरात मोठ्याने सांगा, त्यांच्यासमोर सांगा.

मला याचा राग येतो, कारण हे टाळता आलं असतं. प्रत्येक शिक्षकाची जन्मतारीख सेवापुस्तकात असते. कोण कधी निवृत्त होणार, हे सरकारला कित्येक वर्षं आधी ठाऊक असतं. त्या आकड्यावरून कॉलेजच्या जागा ठरवाव्यात आणि ठरल्या वर्षी भरती करावी, एवढीच माझी मागणी आहे.

आता मुलीचं. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते पाचवीसाठी बीएडधारक अपात्र ठरले. त्यामुळे तिला लहान मुलांनाच शिकवायचं असेल तर डीएड, म्हणजे आताचं डीएलएड, हाच तिचा सरळ रस्ता आहे. नवीन शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय. तो जवळपास कुठे मिळत असेल तर त्याचीही चौकशी करा. त्यात पदवीही पदरात पडते.

पगाराबद्दल अंधारात राहू नका. सुरुवातीची तीन वर्षं ती शिक्षण सेवक असेल. प्राथमिकला त्याचं मानधन २०२३ पासून महिना १६ हजार आहे. त्याआधी ते ६ हजार होतं. आणि जागा पटसंख्येवर ठरतात. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या, निर्णयात सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. खेड्यातल्या मुलींची शाळा यात सुटते, आणि शिक्षकांच्या जागाही कमी होतात.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीची सरावपाठाची वही मागून बघा. तपासणीला गेल्यावर मी तेच करायचे. एका कॉलेजात पाठाच्या तयारीची सगळी टाचणं एकाच शाईत, एका बैठकीत उतरवलेली. प्रत्येक पाठाखाली ‘विद्यार्थ्यांनी योग्य उत्तरे दिली’. ती मुलं शाळेत गेलीच नव्हती. दुसरीकडे एका मुलीने समासात लिहिलं होतं : ‘त्रेसष्ट म्हटलं की तिघं जण ३६ लिहितात. तीन आधी ऐकू येतात म्हणून?’ पुढच्या पाठात तिने काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलांच्या हातात दिल्या, तोंडाने त्रेसष्ट म्हणवून घेतलं आणि मगच पाटीवर लिहायला लावलं. अशी वही जिथे तयार होते, त्या कॉलेजात मुलीला घाला.

तिची ओढ खरी असेल तर अडवू नका. फक्त डीएलएड करतानाच टीईटीचा अभ्यास सुरू करा आणि मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन ठेवा. भरती लांबली तरी तिची वर्षं वाया जाणार नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत २००४ पासून आहे, वय ४६. आता टीईटी द्यावीच लागेल का? — एक शिक्षक

उत्तर : हो सर, द्यावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. निवृत्ती पाच वर्षांच्या आत असेल त्यांना नोकरीपुरती सूट आहे, पण पदोन्नतीसाठी टीईटी लागेलच. इतकी वर्षं वर्ग सांभाळल्यावर हे मनाला लागतं, आणि तुमच्या भरतीच्या वेळी नसलेली अट नंतर लावणं मलाही पटत नाही. तरी पुढे काही सवलत मिळेल या आशेवर थांबू नका. पहिली ते पाचवीला शिकवत असाल तर पेपर एक, सहावी ते आठवीला असाल तर पेपर दोन. १५० पैकी ९० गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत आहे, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. बालमानसशास्त्राच्या भागाकडे जास्त लक्ष द्या. डीएडला वाचलेलं विसरलं असलं तरी मुलांचं वागणं तुम्ही रोज बघता, पुस्तक हाती घेतलं की ते जुळून येईल.