कॅफेचं नाव 'हॉबिट' ठेवायला टोल्कीनच्या घरच्यांची परवानगी लागते का?

घरच्यांना विचारून काही उपयोग नाही. हॉबिट म्हणजे इंग्रज लेखक टोल्कीनच्या पुस्तकांतले बुटके लोक. पुस्तकं घरच्यांची, पण धंद्यासाठी नाव वापरायचा हक्क त्यांच्याकडे नाही. सिनेमाचे आणि माल विकायचे हक्क टोल्कीनने १९६९ मध्येच युनायटेड आर्टिस्ट्स या सिनेमा कंपनीला विकले. १९७६ मध्ये ते सॉल झाएंट्झ या निर्मात्याकडे गेले आणि २०२२ मध्ये एम्ब्रेसर या स्वीडिश कंपनीने घेतले.

हाच वाद आमच्या घरात होऊन गेलाय, म्हणून लिहायला बसलो. नाशिकला मी आणि मावसभाऊ मगांवर छपाई करायचो. त्याने हॉबिटच्या घराला असतं तसं एक गोल हिरवं दार काढलं आणि खाली 'हॉबिट कटिंग' लिहिलं. डिझाइन झकास होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, बाबा रे, हे नाव नको. तर याने लगेच मोबाइल काढून दाखवला: 'देसी बॉईज' सिनेमाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१५ साली सांगितलंय, नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो. शिवाय लेखक १९७३ मध्ये गेला, म्हणजे २०३३ संपलं की भारतात पुस्तकं मोकळी. दोन्ही मुद्दे बरोबर, पण कॉपीराइटचे! ट्रेडमार्कला, म्हणजे धंद्यासाठी नोंदवलेल्या नावाला, लेखक कधी वारला याच्याशी काही देणंघेणं नाही. दर १० वर्षांनी फी भरत राहायची, चालू.

ऐकतोय कोण? रात्री हीट प्रेस तापवली, मगावरचा कागद सोलताना बोटं भाजून घेतली, ऑनलाइन फोटो चढवले. थोड्याच दिवसांत साइटचा मेल: हक्कधारकाची तक्रार आली आहे, वस्तू काढून टाकली आहे. यावर साहेब मलाच म्हणतात, "तू त्यांना ठणकावून उत्तर द्यायला हवं होतंस." कशाच्या जोरावर? इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला 'द हॉबिट' नावाचा पब वीसेक वर्षं चालू होता, त्यालाही २०१२ मध्ये नोटीस गेली. तेव्हा अभिनेता स्टीफन फ्राय आणि सिनेमात गँडाल्फ जादूगार झालेला इयान मॅकेलन परवान्याची फी स्वतः भरायला पुढे आले. खुद्द गँडाल्फ खिशात हात घालतो, तिथे आम्ही कोण!

शहाणपण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळवाल्यांनी दाखवलं. १९७४ च्या खेळात त्यांचे हॉबिट होते, वाद आल्यावर नंतरच्या छपाईत ते हाफलिंग झाले. खेळ आजही जोरात आहे. मीही शेवटी दार चौकोनी केलं, नाव 'बुटबैंगण' ठेवलं, आणि ते सगळे मग प्रदर्शनात हातोहात विकले गेले.

मावसभावाचा हुकमी एक्का म्हणजे 'हरी पुत्तर'. २००८ मध्ये 'हॅरी पॉटर'चे सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर कंपनीला तो सिनेमा दिल्ली हायकोर्टात थांबवता आला नाही, हे खरंय. पण वॉर्नर उशिरा आली आणि प्रेक्षकांचा घोटाळा होणार नाही असं कोर्टाला वाटलं. तुम्ही तर अख्खं नावच उचलताय.

बाकी मी वकील नाही, आणि माझा अनुभव मगांचा आहे. ट्रेडमार्कच्या नोंदणीत धंद्यांचे वर्ग असतात, कॅफे वर्ग ४३ मध्ये येतो. बोर्ड करायला टाकण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर त्या वर्गात नाव शोधा, मग ट्रेडमार्कच्या वकिलाला गाठा. लहान गावातल्या लहान कॅफेकडे कदाचित कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण इन्स्टावर पेज काढणारच ना?

आणि भाऊराया, तू हे वाचणार हे मला माहितीये. मी उगाच घाबरलो म्हणतोस ना, मग 'हॉबिट कटिंग'चं खोकं अजून तुझ्याच माळ्यावर आहे. काढ आणि वीक.