पदवी सोडू नकोस, सातवं प्रकरण मात्र बदल

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर एक डार्क अकॅडेमिया (जुन्या विद्यापीठाच्या गूढ, काळोख्या वातावरणातली) फँटसी प्रेमकथा लिहितेय. पदवी सोडून पूर्णवेळ लिहू का? पुढे समुपदेशक झाले, तर असलं लेखन आड येईल का? काही प्रकरणं सोबत जोडली आहेत. ता. क. महिनाभर रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही, पण लिहायला तेवढीच शांतता मिळते.

उत्तर : पदवी सोडू नकोस. तुला लिहिता येत नाही म्हणून नव्हे. प्रत्येक मंत्रामागे एक आठवण द्यावी लागते आणि पहिलं येण्यासाठी तुझी नायिका आईच्या आवाजाची आठवण देऊन टाकते, तिथे मी वाचता वाचता थांबले. गुणांपायी स्वतःला पोखरणारी मुलं माझ्यासमोर नेहमी बसतात. कथेत ती इतकी नेमकी क्वचित उतरतात. पण नवख्या लेखकाकडे प्रकाशक बहुधा पूर्ण हस्तलिखित मागतात, आणि रॉयल्टी पुस्तक विकलं गेल्यावर मिळते. पोट त्यावर ठेवलंस, तर घाईघाईत खपेल ते लिहू लागशील. ‘पैसे भरा, छापून देतो’ म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा.

आता सातवं प्रकरण. नैराश्यात बुडालेल्या नायिकेला नायक ‘तुझ्याच भल्यासाठी’ ग्रंथालयात कोंडतो आणि सकाळी त्याच्या चुंबनाने शाप आणि नैराश्य दोन्ही पळतात. शाप एका रात्रीत उतरू दे, तो तुझ्या जगाचा नियम. आजार मात्र तसा उतरत नाही. निदानासाठीच लक्षणं किमान दोन आठवडे टिकलेली लागतात, औषधांचा गुण यायलाही काही आठवडे जातात, हे तुला मी सांगायला नको. आणि कोंडून ठेवणं? ती माया नाही, तो ताबा आहे. या प्रकारच्या कथांत त्यालाच प्रेम म्हणून खपवतात, याची मला चीड आहे.

वाचकावर याचा परिणाम होतो. जर्मन लेखक गटेच्या १७७४ च्या कादंबरीत प्रेमभंग झालेला वेर्थर जीव देतो. अनुकरणाच्या भीतीने काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात असं दाखवलं आणि त्याला ‘वेर्थर परिणाम’ म्हटलं. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांना दुसरी बाजूही दिसली : टोकाच्या विचारांतून माणूस सावरल्याच्या बातम्यांनंतर हे प्रमाण कमी आढळलं. हा ‘पापागेनो परिणाम’. मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेरात प्रेयसी दुरावलेला पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला त्याच्याजवळच्याच जादूच्या घंटिकांची आठवण करून देतात. जादू, प्रेम, हताशा, सगळं तुझ्याच कथेतलं! तेव्हा काळोख खुशाल रंगव; जीव देण्याच्या पद्धतीचे तपशील तेवढे गाळ. नायकाला त्या मुलांचं काम दे. त्याने नायिकेला वैद्याकडे न्यावं आणि दाराबाहेर बसून राहावं. माझ्या मते तो प्रसंग चुंबनापेक्षा जास्त रोमँटिक होईल.

समुपदेशक झालीस तरी हा विषय आड येणार नाही. समोर बसलेल्याने विश्वासाने सांगितलेलं कथेत आलं, तर मात्र नक्की येईल. नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. क्लिनिकल सायकॉलॉजीकडे (मानसिक आजारांचं निदान आणि उपचार) जायचं, तर पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रशिक्षण लागेल. संपादन, ऑडिओ मालिका, गेमसाठी कथालेखन हेही रस्ते आहेत. निवड शेवटच्या वर्षात कर, आजच घाई नाही.

घाई आहे ती ता. क. मधल्या मजकुराची. महिनाभराचं जागरण लेखकाची खूण म्हणून मिरवू नकोस. लिखाण दिवसा हलव आणि याच आठवड्यात कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ घे. जीव नकोसा वाटत असेल, तर आठवडाही थांबू नकोस. आजच घरच्या कुणालातरी सांग आणि त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.