अमेरिकेचा अध्यक्ष संसदेला न विचारता युद्ध सुरू करू शकतो का?

जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्याआधी संसदेची मंजुरी घेतली नव्हती, मग हे चालतं कसं, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात उत्तर: कागदावर नाही चालत, पण गेली पंच्याहत्तर वर्षं चाललंय. मी वकील नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. लेक मेरीलँडला असते, वर्षाआड तिकडे जाणं होतं आणि तिथल्या बातम्या बघायचं व्यसन लागलंय, एवढंच.

(तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने भलताच पक्ष डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी संसदच लिहितो.)

अमेरिकेच्या घटनेत युद्ध पुकारायचा अधिकार संसदेला आहे आणि अध्यक्ष सैन्याचा सरसेनापती. १७८७ साली मसुद्यात आधी संसदेने युद्ध ‘करावं’ असा शब्द होता, तो बदलून ‘पुकारावं’ केला. हेतू इतकाच, की कोणी अचानक हल्ला केला तर अध्यक्षाला संसद भरायची वाट बघत बसायला लागू नये. एवढीशी फट ठेवली होती, तिचा पुढे दिंडी दरवाजा झाला.

अमेरिकेने रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते ५ जून १९४२ ला, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर एकदाही नाही. वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकासमोर लांबलचक पाण्याचा हौद आहे. त्याच्या एका टोकाला दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक आहे, ते पुकारलेलं युद्ध. दुसऱ्या टोकाशी एका बाजूला कोरिया, दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम, ही दोन्ही न पुकारलेली. व्हिएतनामच्या काळ्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं आहेत, वर्णानुक्रमाने नाही तर माणूस कोणत्या तारखेला गेला त्या क्रमाने. मी गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ एका नावावर कागद धरून वरून पेन्सिल घासत होते. नाव कागदावर पांढरं उमटलं, तसं त्यांनी ते घडी न घालता गुंडाळून घेतलं.

कोरियात १९५० साली अध्यक्ष ट्रुमन यांनी संसदेला न विचारता सैन्य उतरवलं. एका पत्रकाराने ‘याला पोलीस कारवाई म्हणायचं का?’ असं विचारल्यावर ते हो म्हणाले. आमच्या नांदेडकडच्या जुन्या माणसांना हा शब्द काही नवा नाही. १९४८ ला निजामाच्या संस्थानात रणगाडे घुसले, त्यालाही ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. फरक एवढाच की आमची पाच दिवसांत आटोपली, त्यांची तीन वर्षं चालली.

व्हिएतनामच्या वेळी संसदेला विचारलं, पण कसं? ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर दोनदा हल्ला झाला असं सांगितलं गेलं. पहिला झाला होता. दुसरा झालाच नव्हता, साप साप म्हणून रात्रभर भुई धोपटली होती. तरी अध्यक्षाला मोकळीक देणारा ठराव संसदेच्या दोन्ही सभागृहांत, म्हणजे प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा पास झाला.

पुढे डोळे उघडल्यावर १९७३ मध्ये संसदेने अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार (संसदेने पास केलेलं फेटाळायचा अध्यक्षाचा अधिकार) मोडून युद्धाधिकारांचा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत संसदेला कळवायचं. संसदेने मंजुरी दिली नाही तर ६० दिवसांत लढाई थांबवायची आणि माघारीला हवे तर आणखी ३० दिवस. वाचायला झकास कायदा आहे. पण त्यात ‘युद्धजन्य कृती’ असा शब्द आहे आणि सगळी गंमत तिथेच होते. २०११ मध्ये लिबियावरच्या हवाई हल्ल्यांना ६० दिवस उलटले तेव्हा ओबामांच्या बाजूने सांगितलं गेलं की आपलं पायदळ तिथे नाही, आपली माणसं मरण्याची शक्यता कमी, म्हणजे ही युद्धजन्य कृती नव्हेच. खालच्या माणसांना विचारायला हवं होतं!

आता मूळ मुद्दा. सगळे म्हणतात अध्यक्षाने संसदेचा अधिकार हिसकावला. मला वाटतं, संसदेलाच तो नको आहे. २८ एप्रिल १९९९ चा दिवस बघा. क्लिंटन यांचे कोसोवोसाठी युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले चालू होते. प्रतिनिधीगृहात त्या एकाच दिवशी मतदान झालं. युद्ध पुकारायचं का? ४२७ नाही, २ हो. मग सैन्य परत बोलवायचं का? २९० नाही, १३९ हो. बरं, चालू हल्ल्यांना मान्यता द्यायची का? २१३ हो, २१३ नाही, ठराव पडला. म्हणजे युद्ध करू नका, थांबवू नका आणि चाललंय त्याला आमची संमतीही समजू नका. पुढे त्याच युद्धाच्या खर्चाला पैसे मात्र मंजूर केले. ७८ दिवस बॉम्ब पडत राहिले.

कारण साधं आहे. मत दिलं की ते जन्मभर चिकटतं. हिलरी क्लिंटन यांनी २००२ मध्ये इराक युद्धाच्या बाजूने दिलेलं मत २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत ओबामांनी त्यांच्याविरुद्ध पुरेपूर वापरलं. उलट बाजूने बघा, सप्टेंबर २००१ मध्ये अध्यक्षाला लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ असा पास झाला, त्यातलं ते एक मत खासदार बार्बरा ली यांचं. त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. त्या ठरावाचा गाभा इंग्रजीत जेमतेम साठ शब्दांचा, त्यात ना मुदत ना देशाचं नाव. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी संबंधितांवर कारवाई म्हणून केलेला हा ठराव पुढे इसिसवरही चालवला.

आणि आकडेमोड उलटी फिरली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या एका निकालामुळे संसदेला युद्ध थांबवायचा ठराव अध्यक्षाच्या सहीसाठीच पाठवावा लागतो. तो कशाला सही करेल? नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. २०१९ ला येमेनवरून आणि २०२० ला इराणवरून ट्रम्प यांनी असे ठराव फेटाळले आणि त्यांचा नकारच टिकला. सुरू करायला एक माणूस पुरतो, थांबवायला दोन तृतीयांश हवेत. घटना लिहिणाऱ्यांना याच्या बरोबर उलटं हवं होतं.

तुमच्या जून २०२५ च्या प्रश्नात तर वरातीमागून घोडंच होतं. सात बी-२ बॉम्बफेकी विमानं अमेरिकेतल्या मिसुरीहून निघाली, फोर्दो आणि नतांझवर बॉम्ब टाकून परतली, दोन दिवसांत युद्धविराम झाला आणि त्यानंतर २७ जूनला सिनेटमध्ये मतदान. अध्यक्षाला रोखणारा ठराव ४७ विरुद्ध ५३ ने पडला. न्यायालयं तर अशा वादात शक्यतो हातच घालत नाहीत.

संसदेकडे खरं हत्यार आहे ते तिजोरीच्या किल्लीचं. कंबोडियावरची बॉम्बफेक १५ ऑगस्ट १९७३ ला थांबली, कारण त्या तारखेनंतर पैसे देणार नाही असं संसदेने ठरवलं होतं. पण सैन्य मैदानात असताना पैसे तोडणारा म्हणून निवडणुकीला उभं राहायची हिंमत किती जणांत असते, ते तुम्हीच बघा. पुढच्या वेळी अशी बातमी आली की पहिल्या दिवसाच्या भाषणात वेळ घालवू नका. कॅलेंडरवर साठावा दिवस खूण करून ठेवा आणि त्या दिवशी सरकारी वकील त्या लढाईला कोणतं नाव देतात ते ऐका.