वाचक विचारतात : गाडी न जाणारा किनारा

प्रश्न : सर, नमस्कार. आम्ही हर्णैचे. मुलगी नोकरीसाठी इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मोला असते. मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे निघालो आहोत. तिला आम्हाला झिंगारो नावाच्या समुद्रकाठच्या राखीव निसर्गक्षेत्रात न्यायचं आहे. आमचे हे म्हणतात, "सगळा जन्म समुद्रावर गेला, आता समुद्रच बघायला एवढ्या लांब कशाला?" त्यांचा उजवा गुडघाही दुखतो आणि आत गाडी जात नाही म्हणे. जावं, की तो दिवस शहर फिरण्यात घालवावा?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, जरूर जा आणि यजमानांनाही न्या. गाडी जात नाही, हीच तर तिथली बघण्यासारखी गोष्ट आहे.

सिसिलीच्या वायव्येला स्कोपेल्लो आणि सान व्हितो लो कापो या दोन गावांच्या मधे साधारण सात किलोमीटरचा हा किनारा आहे. दोन्ही गावं जोडणारा किनारी रस्ता तिथे काढायला घेतला होता, कामही सुरू झालं होतं. १८ मे १९८० रोजी हजारो माणसं त्या वाटेने चालत गेली आणि हा रस्ता नको म्हणाली. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, झिंगारो हे सिसिलीतलं पहिलं निसर्ग राखीव क्षेत्र झालं. स्कोपेल्लोच्या फाटकातून आत शिरलात की त्या रस्त्यासाठी खोदलेला बोगदा लागतो. त्यातून चालत पलीकडे गेलं की रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. मी मुरूड-जंजिऱ्याचा, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या बातम्या नेमाने वाचणारा. त्या बोगद्यापाशी माझा पाय निघेना. आपल्याकडे रस्ते नकोत असं मी कधीच म्हणणार नाही. खाडीवर पूल नसला की आजारी माणसाचे काय हाल होतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. पण थोडा तरी किनारा असा राहावा जिथे चाक पोचणार नाही, असं मला मनापासून वाटतं. आमच्याजवळ फणसाडचं जंगल आहे. १९८६ साली ते अभयारण्य झालं, म्हणून शेकरू अजून तिथे दिसतं.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. समुद्र म्हटलं तर समुद्रच, पण दर्यावर जन्म काढलेल्या माणसाला तो फार वेगळा वाटेल. पहिली गोष्ट म्हणजे तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वीतभर, फार तर हातभर चढतं-उतरतं. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी हे बघून आपला दिवस ठरतो. तिथे तिथी बघायचं कारणच पडत नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल नाही, खारफुटी नाही. पाणी इतकं नितळ की खोलवरचा खडक वरून दिसतो. मात्र नितळ म्हणजे श्रीमंत असं समजू नका. भूमध्य समुद्रात पाण्याला पोसणारी द्रव्यं कमी, म्हणून सूक्ष्म जीव कमी, म्हणून ते निळं दिसतं. आपलं पाणी गढूळ आणि हिरवट आहे, कारण नद्या आणि खाड्या त्यात सतत काहीतरी ओतत असतात. आपल्या जाळ्यात मासळी येते ती त्याच गढूळपणावर पोसलेली. काठावर तपकिरी, पट्टीसारख्या सुक्या पानांचे ढीग दिसले तर तो कचरा नव्हे. पोसिडोनिया नावाची फुलझाड जातीची वनस्पती तिथे समुद्राच्या तळाशी कुरणासारखी वाढते. तिची ही जात जगात फक्त भूमध्य समुद्रातच आहे आणि माशांची पिल्लं तिच्या आसऱ्याने मोठी होतात.

आणि यजमानांना स्कोपेल्लोची जुनी तोन्नारा नक्की दाखवा. कुपा मासा, म्हणजे ट्यूना, धरण्याचं ते ठाणं. फाटकापासून जवळच, समुद्रातून उभ्या वर आलेल्या सुळक्यांच्या पायथ्याशी आहे. आपली डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. तिथे पाण्याला ओढच नाही, म्हणून त्यांनी माशाच्या चालीवर भिस्त ठेवली. मे-जूनच्या सुमाराला कुपा अंडी घालायला किनाऱ्याजवळून जातात. त्यांच्या वाटेत आडवं जाळं लावायचं, मासे त्याच्या कडेकडेने जाळ्याच्या एका दालनातून दुसऱ्यात शिरत जायचे आणि शेवटच्या दालनाचं जाळं सगळे कोळी मिळून वर ओढायचे. आता तिथे मासेमारी होत नाही, पण इमारती आहेत, नांगर आहेत. हर्णैच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

गुडघ्याचं म्हणाल तर सगळी वाट चालायचा हट्ट धरू नका. आत जेवढं चालाल तेवढंच परत यायचं असतं आणि दुसऱ्या फाटकाने बाहेर पडलात तर गाडीपर्यंत यायला डोंगरामागून मोठा वळसा आहे. स्कोपेल्लोच्या बाजूने पहिली खाडी लागते ती काला कापरेरिया. सावकाश चाललात तरी तिथे पोचणं अवघड नाही. फक्त शेवटी पाण्याशी जाण्यासाठी उतरावं लागतं. वाट चुनखडीच्या दगडांची आहे, चपला नकोत. किनाऱ्यावर वाळू नाही, पांढरे गोटे आहेत. त्यामुळे पाण्यात घालायलाही रबरी बूट घ्या. काठी घ्यायला यजमान संकोचतील. तुम्ही आग्रह करा.

मे महिना तुम्ही उत्तम निवडलात. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मेमध्ये डोंगरउतार अजून फुललेला असतो. वाटेच्या कडेला ठेंगणे ताड दिसतील, युरोपातला हा मूळचा ताड. त्याच्या पानांचे दोर, केरसुण्या, टोपल्या तिथले लोक वळत आले. आत त्याचं छोटं संग्रहालयही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हेच सगळं वाळून कोळ होतं. २०१२ आणि २०२० मध्ये इथे मोठ्या आगी लागल्या. काळे बुंधे आणि त्यांच्या बुडाशी फुटलेले नवे कोंभ दिसले तर त्यामागचं कारण हे. ताड आगीतूनही पुन्हा फुटतो, बाकीच्या झाडांना वेळ लागतो. म्हणून आत काडी पेटवू नका, विडीसुद्धा नाही.

समुद्रात उतरणार असाल तर पाणी गार लागेल, मे महिन्यात १८-१९ अंशांच्या आसपास. आपला समुद्र तेव्हा तिशीला टेकलेला असतो.

आत हॉटेल नाही. डबा घरूनच न्या आणि पाणी वाटतं त्याहून जास्त घ्या, कारण सावली फार थोडी आहे. सकाळी फाटक उघडता उघडता पोचा. यजमान कापरेरियापाशी सावलीत थांबले, तर तुम्ही दोघी मायलेकी पुढच्या काला देल्ला दिझापर्यंत जाऊन या. पाण्याची मोठी बाटली त्यांच्याजवळ ठेवा.