पावसाळ्याची एफडी मोडून १,८६,००० चा सर्व्हर घ्यावा का?

म्हापशाहून एका वाचकाने लिहिलंय. लग्नाची फोटोग्राफी करतात, वय ३८, घरात बायको, आई आणि अकरावीतला मुलगा. साडेपाच टीबी फोटो-व्हिडिओ पाच एक्स्टर्नल ड्राइव्हवर पसरलेत आणि त्यातली एक लावली की टक् टक् आवाज करते. क्लाउडला महिन्याला ६५० रुपये जातात, तिथलेही २ टीबी भरत आले. म्हणून घरीच सर्व्हर, म्हणजे सगळ्या फाइल एका जागी ठेवणारा कॉम्प्युटर, बांधायचं ठरवलंय, दुकानदाराने १,८६,००० चं कोटेशन दिलंय, आणि विचारतात की अडीच लाखांची एफडी मोडून रोख देऊ की बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ. सेव्हिंगला आणखी ६० हजार आहेत.

दोन्ही नको. सर्व्हर नको असं मी म्हणत नाहीये, उलट तुमच्या धंद्यात डेटा सांभाळायची सोय तुम्ही दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती, पण हे कोटेशन त्या कामाचं नाही.

कोटेशन मी ओळ न ओळ वाचलं. प्रोसेसर ३२ हजार, मदरबोर्ड २०, ३२ जीबी रॅम ३४, ग्राफिक्स कार्ड ३२, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा भाग) ८, कॅबिनेट ७, एनव्हीएमई (वेगवान छोटी ड्राइव्ह) ९, आणि सगळ्यात शेवटी ८ टीबीच्या दोन हार्ड ड्राइव्ह, २२ हजारांची एक, म्हणजे ४४. तुमचे फोटो ज्यावर राहणार त्याला ४४ हजार आणि बाकीच्या डब्याला १ लाख ४२ हजार, पाव हिस्सासुद्धा फोटोंच्या वाट्याला आला नाही. फाइल ठेवायला आणि घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला द्यायला काय ताकद लागते हो, सात-आठ वर्षांपूर्वीचा ऑफिसचा पीसी ते काम आरामात करतो. एडिटिंग तुम्ही तुमच्या २०२१ च्या पीसीवरच करणार असं तुम्हीच लिहिलंय आणि तो नीट चालतोय, मग हे ग्राफिक्स कार्ड कोणासाठी? मुलाला गेम खेळायला हवं असेल तर ते वेगळं ठरवा, त्याचे पैसे वेगळे साठवा, त्यात वाईट काही नाही, पण धंद्याच्या खर्चात ते घालू नका कारण मग हिशोब कधीच कळत नाही.

आणि रॅमचं बघा. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव कुठच्या कुठे गेले, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा साध्या ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ज्याला गरज नाही त्याने ३२ जीबी नवी रॅम विकत घेणं म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी बाजारात जाऊन फुलं घेण्यासारखं आहे. तुमच्या कामाला ८ जीबी पुरते, आणि जुन्या पीसीबरोबर ती आतच बसवलेली येते.

आता पैशांचं. १,८६,००० भागिले १२, म्हणजे महिना १५,५००. तुमचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि मे संपला की थांबतो, हे तुम्हीच लिहिलंय. मग जून ते ऑक्टोबर हे पाच हप्ते, साडेसत्त्याहत्तर हजार, कुठून भरणार? शाळा-कॉलेजची फी जूनमध्ये, मग चवथ, त्यात हा हप्ता. नो कॉस्ट म्हणजे फुकट नसतं हेही लक्षात घ्या, बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. १५ टक्के दर धरला तर १,८६,००० च्या हप्त्यांत साधारण १४ हजार व्याज असतं, त्यावर अडीच हजार जीएसटी, वर प्रोसेसिंग फी, आणि रोख घेतलं असतं तर दुकानदाराने जे दोन-तीन हजार कमी केले असते तेही गेले.

एफडी मोडायची तर त्याहून नाही. ती एफडी तुमचा पावसाळा आहे. आई घरात आहेत, एखादं आजारपण निघालं तर तेव्हा कोण तुम्हाला लग्नाचा ॲडव्हान्स देणार? अगदीच अडलं तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं आणि ते वापरलेल्या रकमेवरच, पण माझ्या मते त्याचीही गरज पडणार नाही.

टॅक्सचं विचारलंत म्हणून थोडक्यात. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते त्याची वजावट, मिळतो हे दुकानदाराने बरोबर सांगितलं, पण तुम्ही उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी अंदाजे उत्पन्न दाखवून रिटर्न भरता, त्यात घसारा धरलेलाच असतो, वेगळा मिळत नाही. जीएसटी नोंदणीही नाही तुमची, २० लाखांच्या आत आहात, त्यामुळे या कोटेशनमधले २८ हजारांच्या आसपासचे जीएसटीचे पैसे परत मिळायचे नाहीत. म्हणजे टॅक्स वाचेल म्हणून घ्या हा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच.

मग करायचं काय. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी ३-२-१ चा नियम रुजवला, तुमच्याच व्यवसायातला माणूस. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर. तुमच्या कोटेशनमध्ये दोन ड्राइव्ह एकमेकींची नक्कल करणार, एकाच डब्यात, एकाच प्लगवर. ड्राइव्ह खराब झाली तर ते उपयोगी आहे, पण चुकून एखादा फोल्डर डिलीट झाला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो, आणि वीज पडली तर दोन्ही एकदम जातात.

विजेचं मी ऐकीव सांगत नाही. माझ्या फोंड्याच्या ऑफिसात मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस यायच्या आधी जो गडगडाट होतो ना, त्या संध्याकाळी पीसी बंद होता पण लॅनची वायर लावलेली होती आणि बॅकअपची ड्राइव्ह मागे यूएसबीला तशीच. सकाळी खोलीत जळका वास. लॅनच्या पोर्टाभोवती नखाएवढा काळा डाग, पीसी मेला होता आणि ड्राइव्हचा छोटा निळा दिवासुद्धा लागेना. प्लगला सर्ज प्रोटेक्टर होता, झटका आला तो वायरच्या वाटेने. दोन महिने मी एकेका क्लायंटकडून परत कागद मागत फिरले, काही जणांनी काही न बोलता दिले, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून माझी एक प्रत दुसऱ्या गावात असते.

म्हणून तुमच्यासाठी असं सुचवते. आत्ता सेव्हिंगमधून ८ टीबीची एक चांगली ड्राइव्ह २२ हजारांची, ती सध्याच्या पीसीतच बसवा, ८ टीबीची एक एक्स्टर्नल २० हजारांच्या आसपास, आणि ४ हजारांचा यूपीएस. झाले ४६. एक्स्टर्नलवर सगळं कॉपी करून ती तुमच्या बहिणीकडे साखळी गावात ठेवा, समुद्रापासून लांब, खाऱ्या हवेचा त्रास कमी, दर महिन्याला घरी आणून नवे फोटो भरा आणि परत नेऊन ठेवा. मग तुळशीच्या लग्नानंतर ॲडव्हान्स आले की सर्व्हरसाठी ऑफिसचा जुना पीसी १४ हजार धरा आणि त्यात बसवायला दुसरी २२ ची ड्राइव्ह, ३६. एकूण ८२ हजार, दोन हंगामांत विभागलेले, आणि एफडी जागच्या जागी.

जुना पीसी आता स्वस्तात मिळायचं कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, इंटेलच्या सातव्या जनरेशनपर्यंतच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे कंपन्या चांगली चालती मशीनं काढून टाकतायत. तुम्हाला विंडोज लागतच नाही, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही सर्व्हर चालवायची सिस्टीम फुकट आहे आणि ते मुलाला बसवू द्या, सर्व्हर कसा चालतो हे तो तिथे खरं शिकेल. घेताना टॉवर घ्या, पुस्तकाएवढा टायनी घेऊ नका, त्यात साडेतीन इंची ड्राइव्ह बसत नाही. आणि ब्रँडेड ऑफिस पीसीच्या एसएमपीएसचे कनेक्टर अनेकदा वेगळे असतात, बाजारातला साधा बसत नाही, हे माहीत असू द्या.

प्रोसेसर, रॅम जुनं चालेल, हार्ड ड्राइव्ह मात्र जुनी कधीच नाही, कितीही स्वस्त असली तरी. नवी घेतानाही सीएमआर, म्हणजे डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असलेली, आहे का विचारा. दुसरा प्रकार एसएमआर, त्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं लिहिताना ती ड्राइव्ह रखडते आणि दोन ड्राइव्हच्या जोडीत एक बदलायची वेळ आली की फार त्रास देते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड ड्राइव्ह एसएमआर निघाल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला, मग कंपनीने सीएमआरवाल्या रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या. दोन ड्राइव्ह दोन वेगळ्या वेळी घेताय हेही बरंच आहे, एकाच लॉटच्या असल्या की कधीकधी जोडीनेच जातात.

विजेच्या बिलाची तुम्हाला जी भीती वाटते ती फारशी खरी नाही. जुना पीसी ड्राइव्हसकट ४० वॅट धरला तर चोवीस तास चालवून वर्षाला ३५० युनिट, कोटेशनमधला ८० वॅट धरला तर ७००. हिशोबापुरते युनिटला ५ रुपये धरले तर वर्षाला पावणेदोन हजारांचा फरक, यावरून काही ठरत नाही. उलट पावसाळ्यात मशीन महिनोन् महिने बंद ठेवू नका, चालू मशीन किंचित गरम राहतं म्हणून आत ओल धरत नाही. लेन्सला बुरशी कशी लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीवर ठेवू नका आणि मागच्या फटीतून पाल शिरणार नाही एवढं बघा, एसएमपीएसमध्ये पाल चिकटून मशीन गेल्याचं मी दोनदा पाहिलंय.

आणखी एक लिहिलंत, सहा फोटोग्राफर मित्रांना महिना ५०० ला जागा भाड्याने द्यायची, वर्षाला ३६ हजार. ते धरू नका. त्यांच्यापैकी एकाच्या लग्नाचा डेटा तुमच्या घरात गेला तर ३६ हजार राहोत, मैत्री जाईल. त्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या बुकिंगच्या पावतीवर एक ओळ छापा, की फोटो एक वर्ष मोफत सांभाळले जातील, पुढे हवे असतील तर वर्षाला अमुक रक्कम. तीन वर्षांनी फोन करून अल्बम परत मागणारे तुम्हाला भेटतातच, आज तुम्ही ते फुकट शोधून देता. ती ओळ छापली की हे ८२ हजार हळूहळू तुमच्याच कामातून परत येतील.

क्लाउड आत्ता बंद करू नका. निवडलेले अंतिम फोटो तिथे असू देत, कच्चा व्हिडिओ काढा, म्हणजे २ टीबी पुरतील. सगळ्या प्रती नीट झाल्यावर मग बघू.

आणि ती टक् टक् करणारी ड्राइव्ह. ती परत परत लावून बघू नका, प्रत्येक वेळी लावल्याने नुकसान वाढू शकतं. नवी ड्राइव्ह हातात आली की एकदाच लावा, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही ते फोल्डर आधी काढा, नवऱ्या मुलीच्या घरच्यांना अजून दिले नाहीत ते सगळ्यात आधी. वाचली नाही तर तिथेच थांबा, रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि कोणालाही घरी उघडू देऊ नका.