लाँचच्या दिवशीच्या ट्रॅफिकवर भाळू नकोस

डेव्हलपरसाठी टूल बनवलंस आणि हॅकर न्यूजच्या (प्रोग्रामर मंडळींची बातम्या-चर्चेची साइट) पहिल्या पानावर झळकलास की ग्राफ एकदम वर जातो आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा खाली येतो. त्यातले बहुतेक नुसते डोकावणारे. किती जणांनी टूल इन्स्टॉल करून पहिली कमांड चालवली आणि पुढच्या आठवड्यात परत वापरलं, ते मोज.

डेव्हलपर गूगलवर तुझं नाव शोधत नाही, एरर मेसेज जसाच्या तसा चिकटवतो. तुझं टूल ज्या एररवर उपाय आहे, त्या प्रत्येक एररचं वेगळं पान लिही. वर कॉपी करता येईल अशी कमांड, खाली तिचं खरं आउटपुट. ‘क्रांतिकारी’ वगैरे शब्द गाळ, साइन-अप नंतर माग. हा ट्रॅफिक हळूहळू येतो, पण टिकतो.

सुरुवात छोटी असली तरी चालते. पोस्टमन (API तपासायचं टूल) २०१२ मध्ये साधं क्रोम एक्स्टेन्शन म्हणून आलं, कंपनी २०१४ मध्ये झाली. ऑनलाइन पेमेंटची कंपनी स्ट्राइप काढणारे कॉलिसन बंधू तर लिंक पाठवत बसायचे नाहीत. समोरच्याचा लॅपटॉप मागून घेऊन तिथल्या तिथे सेटअप करून द्यायचे. पहिल्या काही जणांसाठी तूही हेच कर. नंतरच्यांना स्वतः करू दे आणि कुठे अडतात ते गप्प बसून बघ (हे भलतंच अवघड जातं).

जाहिरातींवर तूर्तास पैसे घालू नकोस. या मंडळींकडे ॲड-ब्लॉकर हमखास असतो, आणि तो भेटी मोजणारी स्क्रिप्टही अडवतो, त्यामुळे ॲनालिटिक्सही कमी आकडा दाखवतं. सर्व्हरचे लॉग (आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) ताडून बघ.