स्कोलिओसिसच्या ऑपरेशननंतर आठवड्याने हिरव्या उलट्या, हे नॉर्मल आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाचीचं स्कोलिओसिसचं, म्हणजे कण्याला आलेल्या बाकाचं, ऑपरेशन होऊन ८ दिवस झाले, आता दोन घास खाल्ले की पोट टम्म होतं आणि हिरवी उलटी होते, घरचे म्हणतात गॅस असेल. वाट बघू नका. आजच सर्जनला फोन करा आणि उलटी "हिरवी" आहे हे आवर्जून सांगा. तोवर तिला बळेबळे खायला घालू नका.

माझ्या मुलीचं अगदी हेच झालं. १४ वर्षांची, उंच, काटकुळी. रॉड-स्क्रू टाकून बाक सरळ केला. पहिले दोन-तीन दिवस पोट फुगलं, संडास झाली नाही, पण ते बऱ्याच जणांना होतं, भूल आणि दुखण्याच्या स्ट्राँग औषधांनी आतडी सुस्तावतात. तिचं ते सुरळीत झालं, डिस्चार्ज मिळाला, आणि मग सातव्या दिवशी उलट्या. मी चार दिवस ओवा-जिरं देत बसले, पोरीचं होतं नव्हतं तेवढंही वजन उतरलं, आठवलं की अजून पोटात तुटतं.

सीटी स्कॅनमध्ये निघालं एसएमए सिंड्रोम. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग महाधमनी आणि तिच्यातून आतड्याकडे उतरणारी रक्तवाहिनी (हीच एसएमए) यांच्या बेचक्यातून जातो, आणि तिथली चरबीची गादी ते बेचकं उघडं ठेवते. कणा ताणून सरळ केला की बेचकं अरुंद होतं, त्यात मूल बारीक असेल तर गादीच नसते, मग आतडं चिमटतं, खाल्लेलं पुढे जात नाही आणि पित्त उलटून येतं. पूर्वी अंगाला प्लास्टर घालायचे तेव्हाही व्हायचं, म्हणून कास्ट सिंड्रोम हे जुनं नाव.

पण घाबरू नका, बहुतेकांना पोटाचं ऑपरेशन लागत नाही. हिलाही नाही लागलं. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं, सलाईन, पोटॅशियम दिलं, मग एक बारीक नळी चिमटलेल्या जागेच्या पुढे नेऊन तिथून फीड. नंतर तोंडाने सुरू केलं तेव्हा थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, आणि खाल्ल्यावर उताणं न ठेवता डाव्या कुशीवर (पाठ पिळू न देता कसं वळवायचं ते नर्सकडून नीट शिकून घ्या). वजन वाढायला लागलं तशा उलट्या थांबल्या.

लघवी कमी झाली असेल किंवा ती गळून पडल्यासारखी दिसत असेल तर फोनही नको, सरळ इमर्जन्सीत न्या, रात्र काढू नका.